जबड्यातल्या गाठींवरचे व्हिडिओ: विश्वास ठेवायचा तर कशावर?

दंतकारण (धागाकर्ता)

यूट्यूबवर 'जबड्याची गाठ' टाकलं की मराठी-हिंदीत ढोबळमानाने चार प्रकारचा माल समोर येतो: रुग्णालयांच्या जाहिराती, सर्जनांनी सर्जनांसाठी टाकलेली ऑपरेशनं, बीडीएसच्या परीक्षेचे तास आणि लेप-काढे. पेशंटला समोर ठेवून बनवलेलं त्यात अगदी थोडं.

काढेवाल्यांवर इथे वेळ घालवू नये असं मला वाटतं. कॅन्सर बरा करून देण्याची जाहिरात १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याखाली मुळातच बंद आहे आणि यूट्यूबनेही ऑगस्ट २०२३मध्ये 'लसणाने कॅन्सर जातो' छापाचे व्हिडिओ काढण्याचं धोरण जाहीर केलं. अंमलबजावणी कितपत होते ते सोडा, पण तो माल ओळखू तरी येतो. चर्चा व्हावी ती चांगल्या दिसणाऱ्या व्हिडिओंची.

उदाहरणादाखल अमेलोब्लास्टोमा घ्या. दात घडवणाऱ्या पेशींच्या उरल्यासुरल्या अवशेषांतून ही गाठ येते. साधारण ८० टक्के वेळा खालच्या जबड्यात, तिथेही बहुतेकदा दाढांच्या मागच्या भागात. बेनाइन आहे, म्हणजे कॅन्सर नाही. इथवर जवळजवळ सगळे व्हिडिओ बरोबर सांगतात आणि इथेच थांबतात. ही गाठ हाडाच्या जाळीत एक्स-रेवर दिसणाऱ्या कडेच्याही पलीकडे शिरलेली असते. नुसती खरवडून काढली तर निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये परत आल्याच्या नोंदी आहेत. म्हणून दिसणाऱ्या कडेपासून १ ते २ सेंमी निरोगी हाडासकट ती काढतात आणि त्यानंतर निदान १० वर्षं एक्स-रे काढून लक्ष ठेवतात. यातलं काहीच न सांगता 'बेनाइन आहे, घाबरू नका, छोटंसं ऑपरेशन' म्हणणारा व्हिडिओ एकही खोटं वाक्य न बोलता दिशाभूल करतो.

त्यामुळे माझी चाळणी अशी: गाठीचं नेमकं नाव घेतलंय का, तुकडा तपासल्याशिवाय नाव ठरत नाही हे सांगितलंय का, आणि परत येण्याबद्दल किती वर्षांचा हिशोब दिलाय. या तिन्हींवर गप्प असलेला व्हिडिओ कितीही मोठ्या डॉक्टरांचा असो, मी बाजूला ठेवतो. इथल्या जाणकारांनी भर घालावी, खोडूनही काढावं.

---

हनुवटी

चाळणी आवडली, पण १ ते २ सेंमीचा नियम सरसकट सांगणारा व्हिडिओही तितकाच अर्धवट. तो नियम पारंपरिक प्रकारच्या अमेलोब्लास्टोमाचा. एक-पोकळीचा, म्हणजे युनिसिस्टिक प्रकार बहुतेक तरुण मुलांत, विशीच्या आसपास दिसतो. अनेकदा न उगवलेल्या अक्कलदाढेभोवती. त्यातही गाठ फक्त पिशवीच्या अस्तरात आहे, आत पोकळीत वाढली आहे, की पिशवीच्या भिंतीत शिरली आहे, यावर ऑपरेशन किती मोठं करायचं ते ठरतं. पहिल्या दोन्हींत जबडा वाचवून पिशवी काढण्याकडे कल असतो. भिंतीत शिरलेली असेल तर तिला पारंपरिक प्रकारासारखंच वागवायला हवं असं मानणारे बरेच.

सोळा वर्षांच्या मुलीच्या आईने चाळिशीतल्या पेशंटच्या ऑपरेशनचा व्हिडिओ पाहिला, की अर्धा जबडा जाणार असं धरूनच ती ओपीडीत येते. उलटही होतं. 'आम्ही जबडा न कापता गाठ काढली' हा युनिसिस्टिकचा व्हिडिओ पारंपरिक प्रकारच्या पेशंटला दाखवला जातो आणि तो ऑपरेशन पुढे ढकलतो.

कापण्याचेही दोन प्रकार असतात, हेही व्हिडिओत क्वचितच येतं. जबड्याच्या खालच्या कडेला साधारण १ सेंमी निरोगी हाड शिल्लक ठेवता येत असेल तर कड राखून वरचा भाग काढतात आणि चेहऱ्याची ठेवण टिकते. तेवढं हाड उरत नसेल तरच जबड्याचा सलग तुकडा जातो.

---

मेणवडी

हनुवटी यांच्याशी सहमत. त्यात प्रयोगशाळेच्या बाजूची भर, कारण व्हिडिओत बायोप्सीचा उल्लेख असलाच तर 'एक छोटा तुकडा घेतात, आठवड्यात रिपोर्ट येतो' एवढ्यावर भागवतात.

१. छोट्या तुकड्यावरून युनिसिस्टिकचा उपप्रकार ठरत नाही. पिशवीच्या एका कोपऱ्यातला तुकडा साध्या डेंटिजरस सिस्टसारखा (न उगवलेल्या दाताभोवतीच्या पाण्याच्या पिशवीसारखा) दिसू शकतो आणि गाठ दुसऱ्या कोपऱ्यात असते. पूर्ण पिशवी काढून तिचे अनेक छेद पाहिले की खरं कळतं. म्हणून 'आधी सिस्ट सांगितलं आणि मग ट्यूमर निघाला' यात प्रत्येक वेळी कुणाची चूक असतेच असं नाही.

२. सुजलेल्या, पू झालेल्या पिशवीतून तुकडा घेतला तर केराटोसिस्टचं (काढल्यावर परत येण्याची खोड असलेल्या एका सिस्टचं) ओळखीचं अस्तर त्या जागी पुसलं गेलेलं असू शकतं. रिपोर्टवर नुसतं 'इन्फ्लेम्ड सिस्ट' येतं.

३. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्येच जायला हवा, तुकड्याच्या आकारमानाच्या किमान दहापट द्रवात. सलाइनच्या बाटलीत किंवा कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून पाठवलेला तुकडा सडतो आणि पुन्हा तुकडा काढावा लागतो. पेशंटचा नातेवाईक स्वतः डबी घेऊन प्रयोगशाळेत जातो अशा ठिकाणी ही माहिती खरोखर उपयोगाची. एकाही मराठी व्हिडिओत मला ती सापडलेली नाही.

४. तुकड्यात हाड असेल तर ते मऊ करण्यात काही दिवस जातात. रिपोर्टला उशीर म्हणजे 'काहीतरी वाईट आहे' असा अर्थ काढू नये.

आणि 'सुई लावली, तुकडा काढला की गाठ भडकते' हा प्रकार. गाठ आधीच वाढत असते. बायोप्सीनंतर दोन महिने काही न करता बसलं तर ती वाढलेली दिसणारच, आणि दोष मग सुईला.

---

क्षकिरण

सुईचा विषय निघालाच आहे तर तिचं खरं काम सांगतो. हाडातल्या पोकळीवर हत्यार चालवण्याआधी जाड सुईने आतलं काय आहे ते ओढून पाहतात. फिकट पिवळं पाणी आलं तर सिस्टकडे कल. पांढरट, चिकट, दह्यासारखं आलं तर केराटोसिस्टचा संशय. आणि दाबाने ताजं लाल रक्त सिरिंजमध्ये चढायला लागलं तर तिथेच थांबायचं, कारण ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. अशा जबड्यातली नुसती दाढ काढली तरी रक्तस्राव जिवावर बेततो. हे न सांगता 'घरच्या घरी हलणारा दात काढा' दाखवणाऱ्या व्हिडिओंना काय म्हणावं!

आता एक्स-रे. 'साबणाच्या फुग्यांसारखं दिसलं म्हणजे अमेलोब्लास्टोमा' हे परीक्षेच्या व्हिडिओंतलं ठरलेलं वाक्य. पेपरात गुण मिळतात, पेशंटच्या कामाचं नाही. अनेक कप्प्यांचं तसंच चित्र केराटोसिस्ट, जायंट सेल ग्रॅन्युलोमा आणि मिक्सोमा या दुसऱ्या बेनाइन गाठी, आणि वर सांगितलेली रक्तवाहिन्यांची गाठ, सगळेच देऊ शकतात.

ओपीजीच्या (सगळा जबडा एकाच चित्रात दाखवणाऱ्या एक्स-रेच्या) मर्यादाही कुणी बोलत नाही. ते सपाट चित्र आहे, आकार मोठा दाखवतं आणि समोरच्या दातांवर मानेच्या मणक्यांची सावली पडते. जबड्याची जिभेकडची भिंत फुटली आहे का, हे ओपीजीवर कळत नाही. त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. पण सीबीसीटीला मऊ भाग नीट दिसत नाही. गाठ हाडाबाहेर आली असेल किंवा वरच्या जबड्यात सायनस-डोळ्याच्या दिशेने गेली असेल तर इंजेक्शन देऊन काढलेला सीटी किंवा एमआरआय. म्हणजे 'सीबीसीटी काढला की सगळं कळतं' म्हणणारा व्हिडिओ बहुधा सीबीसीटी मशीन असलेल्या केंद्राचा असतो.

---

आकडेमोड

व्हिडिओ तपासायची मोजमापं आधीच आहेत. त्यांतल्या खाचाखोचा माहीत असलेल्या बऱ्या, कारण 'संशोधनात या विषयाचे व्हिडिओ निकृष्ट ठरले' अशा बातम्या त्यांच्याच आधारावर येतात.

डिसर्न: १६ प्रश्न, प्रत्येकी १ ते ५ गुण, एकूण १६ ते ८०. पहिले ८ विश्वासार्हतेचे: हेतू, स्रोत, तारीख, तोल, अनिश्चितता मान्य केली आहे का. ९ ते १५ उपचारांचे: प्रत्येक उपचार कसा चालतो, फायदे, धोके, काहीच न केल्यास काय होईल, जगण्याच्या दर्जावर परिणाम, पर्याय, निर्णयात पेशंटचा सहभाग. सोळावा एकंदर मत. दंतकारण यांच्या चाळणीतला परत येण्याचा हिशोब साधारण अकराव्या प्रश्नात, म्हणजे धोक्यांत बसतो.

अडचण अशी की हे साधन छापील माहितीपत्रकांसाठी बनवलेलं आहे. फक्त निदानाबद्दल बोलणाऱ्या उत्तम व्हिडिओला उपचारांच्या प्रश्नांत १-१ गुण मिळून तो आपटतो. उलट सगळ्या पर्यायांची यादी वाचून दाखवणारा रटाळ व्हिडिओ वर चढतो. आणि सर्वांत महत्त्वाचं: डिसर्न माहिती खरी आहे का ते तपासतच नाही. सांगण्याची पद्धत तपासतं.

जामा या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकातले निकष १९९७चे. चारच: लेखक कोण, आधार कुठला, हितसंबंध उघड केलेत का, तारीख आहे का. यूट्यूब तारीख आपोआप दाखवतं, त्यामुळे प्रत्येक व्हिडिओला एक गुण फुकट. त्यात २०१०ची स्लाइड २०२४मध्ये चढवली तरी तारीख २०२४चीच.

लोकप्रियतेचा निर्देशांक तर आता काढताच येत नाही. त्यात लाइक आणि डिसलाइकचं गुणोत्तर लागतं आणि यूट्यूबने नोव्हेंबर २०२१मध्ये डिसलाइकचा आकडा लपवला. त्यानंतरच्या एखाद्या अभ्यासात तो निर्देशांक दिसला तर डिसलाइकचा आकडा आणला कुठून हे आधी बघा.

कुणाला स्वतः तपासणी करायची असेल तर: खात्यातून बाहेर पडून कोऱ्या खिडकीत शोध घ्या, शोधशब्द आणि दिवस लिहून ठेवा, पहिले ६० किंवा १०० निकाल एकाच दिवशी यादीत उतरवा (दुसऱ्या दिवशी क्रम बदललेला असतो), दोघांनी एकमेकांचे गुण न बघता गुण द्या, आणि मगच ताळमेळ काढा. एकट्याने दिलेल्या गुणांना अर्थ नाही.

---

गोमंतक_वाचक

उपयुक्त धागा. दोन प्रश्न.

एक, 'अमुक डॉक्टर परवानाधारक आहेत' अशी पट्टी यूट्यूब व्हिडिओखाली दाखवतं. ती असली की पुरे का?

दोन, गोळ्यांनी जबड्यातला ट्यूमर विरघळला असे इंग्रजी व्हिडिओ आहेत, डबिंग होऊन मराठीतही येतात. ते खोटे म्हणायचे का?

---

दंतकारण

पहिल्याचं उत्तर: ती पट्टी माणसाची किंवा संस्थेची ओळख सांगते. त्या व्हिडिओतलं वाक्य न् वाक्य कुणी तपासलेलं नसतं. शिवाय परवाना कशाचा ते बघावं. त्वचारोगतज्ज्ञाचा परवाना खराच असतो, पण जबड्याच्या गाठीवर त्यांचं मत कशाला? इथे बघायची पदवी म्हणजे तोंड व जबडा शल्यचिकित्सेतली एमडीएस, किंवा डोके-मान कॅन्सर सर्जन, किंवा तोंडाच्या पॅथॉलॉजीतली एमडीएस. नोंदणी क्रमांक दिला असेल तर राज्याच्या दंत किंवा वैद्यक परिषदेच्या यादीत ताडून पाहता येतो. आपण तज्ज्ञ म्हणून सल्ला देत असू तर तसं स्पष्ट सांगावं, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या २०२३च्या सूचनांतही आहे.

दुसऱ्यावर मेणवडी जास्त नेमकं सांगतील.

---

मेणवडी

खोटे नाहीत, पण अर्धे आहेत. २०१४च्या सुमारास कळलं की खालच्या जबड्यातल्या बहुतांश अमेलोब्लास्टोमात ब्राफ जनुकात व्ही६००ई हा बदल असतो. वरच्या जबड्यातल्यांत स्मूदन्ड या दुसऱ्या जनुकातला बदल जास्त आढळतो. ब्राफ रोखणाऱ्या गोळ्या मूळच्या मेलानोमासाठीच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरसाठीच्या. त्यांनी काही अमेलोब्लास्टोमा लहान झाल्याच्या नोंदी आहेत, आणि २०२२मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने डॅब्राफेनिब-ट्रामेटिनिब ही जोडी हा बदल असलेल्या, ऑपरेशनने काढता न येणाऱ्या किंवा पसरलेल्या घन (सॉलिड) ट्यूमरांसाठी मंजूर केली. दुसरा समाधानकारक उपाय उरलेला नसेल तेव्हा.

व्हिडिओत गळतं ते हे 'काढता न येणाऱ्या' आणि 'उपाय उरलेला नसेल तेव्हा'. एरवी काढता येण्याजोग्या गाठीला ऑपरेशन हाच आजही नेहमीचा मार्ग. शिवाय गोळ्या थांबवल्यावर काय, याचं उत्तर व्हिडिओत कधी मिळत नाही. ताप, पुरळ, हृदयाच्या क्षमतेवर परिणाम या गोष्टी पाहत राहाव्या लागतात.

आणि एक गोष्ट जी पेशंटने आधीच विचारून ठेवावी: हाड मऊ करायला प्रयोगशाळा तीव्र आम्ल वापरते की ईडीटीए हे सौम्य रसायन? तीव्र आम्लात डीएनए खराब होतो आणि पुढे जनुक तपासणी करायची ठरली तर तुकडा असूनही निकाल येत नाही. ईडीटीएला वेळ जास्त लागतो. हाड नसलेला मऊ तुकडा वेगळ्या डबीत ठेवला तर प्रश्नच मिटतो.

---

हनुवटी

जुन्या व्हिडिओंबद्दल एक मुद्दा राहिला. केराटोसिस्टला जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५च्या वर्गीकरणात ट्यूमर म्हटलं गेलं आणि २०१७मध्ये पुन्हा सिस्टमध्ये टाकलं. मधल्या बारा वर्षांतले व्हिडिओ त्याला 'केसीओटी' म्हणतात. रिपोर्टवर सिस्ट आणि व्हिडिओत ट्यूमर पाहून लोक रिपोर्ट चुकला म्हणतात. दोन्ही आपापल्या काळात बरोबर. परत येण्याची त्याची खोड मात्र नाव बदलल्याने गेलेली नाही. एकाच माणसाच्या जबड्यात दोन-चार केराटोसिस्ट असतील तर गोर्लिन सिंड्रोम या आनुवंशिक विकारासाठी त्वचा, फासळ्या आणि घरातली माणसंही तपासावी लागतात. व्हिडिओ एका गाठीवर संपतो आणि हे राहून जातं.

पोकळी साफ केल्यावर आत लावायच्या कार्नॉयच्या द्रावणाची 'रेसिपी' दाखवणारे व्हिडिओही आहेत. मूळ कृतीत क्लोरोफॉर्म आहे, म्हणून बरेच जण तो वगळून बनवतात. साधारण ३ मिनिटं लावतात. खालच्या ओठाची नस उघडी असेल तर ती झाकून. व्हिडिओत ही नस झाकण्याची पायरी अनेकदा कापलेली असते, कारण रक्ताळलेलं चित्र लांबतं!

---

गोमंतक_वाचक

'रूट कॅनालने जबड्यातली गाठ गेली' असे आधी-नंतरचे एक्स-रे दाखवतात. हे शक्य आहे?

---

क्षकिरण

शक्य आहे, जर ती दात मेल्यामुळे मुळाच्या टोकाशी झालेली छोटी पोकळी असेल तर. जबड्यातल्या सिस्टमध्ये तोच प्रकार सर्वांत जास्त. एक्स-रेवर काळा डाग मात्र केराटोसिस्टचाही तसाच दिसू शकतो. फरक दाताच्या जिवंतपणात आहे. थंड लावून किंवा विजेच्या पल्प टेस्टरने दात तपासायचा. शेजारचे सगळे दात जिवंत असतील तर त्या काळ्या डागाला रूट कॅनालने काही होणार नाही आणि चांगला दात मात्र जाईल. म्हणून आधी-नंतर दाखवणाऱ्या व्हिडिओत आधीची दात-तपासणी दाखवली आहे का ते पाहा. आधीच्या आणि नंतरच्या एक्स-रेत नळीचा कोन सारखा आहे का हेही पाहा; कोन बदलून डाग लहान दाखवता येतो.

त्याच चालीवर: जायंट सेल ग्रॅन्युलोमाचा रिपोर्ट आला तर ऑपरेशनआधी रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासायलाच हवं. त्या ग्रंथीच्या विकारात जबड्यात हुबेहूब तसंच दिसणारं दुखणं होतं; सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखू येत नाही. ग्रंथीवर उपचार केले की जबडा पुष्कळदा आपला आपण भरतो.

---

आकडेमोड

आणि 'गाठ'च नसलेल्या गाठी? आरशात टाळूच्या मधोमध किंवा खालच्या दातांच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे सारखे कडक उंचवटे दिसले की लोक 'जबड्याचा कॅन्सर' शोधतात.

---

हनुवटी

ते बहुतेकदा टोरस, हाडाचे नैसर्गिक उंचवटे. कवळी बसवायला अडत नसतील तर हात लावत नाहीत.

खरी घाई कशाची ते व्हिडिओत एकाच पट्टीने सांगतात, तिथे माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. अमेलोब्लास्टोमा हळू वाढतो. दुसरं मत घ्यायला महिना गेला तर सहसा बिघडत नाही. तंबाखू, मिश्री, गुटख्याने हिरडी-गालाच्या खोबणीत झालेला कॅन्सर जबड्यात शिरतो तेव्हा आठवडे मोजावे लागतात. आपल्याकडे जबडा कापण्याचं ते फार मोठं कारण आहे, आणि त्यात मानेच्या गाठी काढणं, रेडिएशन हे सगळं येतं. एकाच थंबनेलवर दोन्हींचे फोटो लावून 'जबड्याची गाठ' म्हटलं की एकाला नको तितकी भीती आणि दुसऱ्याला नको तितका दिलासा मिळतो. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, दाढ काढल्यावर भरत नसलेला खड्डा, हिरडी चांगली असताना हलायला लागलेला दात, विनाकारण बधिर झालेला खालचा ओठ: यांतलं काही असेल तर व्हिडिओ बंद करून आधी तपासणी. दुखत नाही हा निकष धरू नका. दोन्ही गाठी सुरुवातीला दुखत नाहीत.

---

दंतकारण

'एका दिवसात नवा जबडा आणि दात' या व्हिडिओंबद्दलही लिहा ना. सध्या तेच सगळ्यांत जास्त फिरतात.

---

हनुवटी

तंत्र खरं आहे. पायाचं फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसह घेतात, आधीच संगणकावर आखलेल्या मापाने कापून जबड्याच्या आकारात जोडतात, इम्प्लांट आणि तात्पुरते दात त्याच ऑपरेशनमध्ये. बहुतेक करून बेनाइन गाठींच्या निवडक पेशंटमध्ये. कॅन्सर असून पुढे रेडिएशन द्यायचं असेल तर दात सहसा पुढच्या टप्प्यात जातात.

व्हिडिओत शोधायच्या तीन गोष्टी. पायाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी आधी काढला का: काहींच्या पायाचा रक्तपुरवठा मुख्यतः त्याच वाहिनीवर असतो आणि ती घेतली तर पाऊल धोक्यात. घोट्याजवळ ६-७ सेंमी हाड ठेवल्याचं सांगितलंय का: नाही ठेवलं तर घोटा डळमळतो. आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली तर पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं, हा धोका उच्चारलाय का. फक्त हसरा चेहरा आणि सफरचंद खाणारा पेशंट असेल तर ती जाहिरात समजा.

---

मेणवडी

शेवटचं, दुसरं मत घेणाऱ्यांसाठी. व्हिडिओखालच्या कमेंटमध्ये रिपोर्टचा फोटो टाकून 'सर, काय करू' विचारणारे शेकडो असतात. त्या फोटोवर नाव, वय, केस नंबर सगळं उघडं असतं, आणि फोटोवरून कुणी प्रामाणिक मत देऊही शकत नाही. प्रयोगशाळेत लेखी अर्ज देऊन काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक (ज्यांत तुमचा तुकडा बसवलेला असतो) मागा. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच जुळवून घ्या. काचपट्ट्या फुटू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पेटीतच न्या, ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. सोबत ओपीजी किंवा सीबीसीटीची सीडी द्या. जबड्याच्या हाडातल्या दुखण्याचं मत एक्स-रे न बघता देणारा पॅथॉलॉजिस्ट अर्धंच काम करतो.